‘सराउंड’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ काय? ते वाक्यात कसं वापरायचं?

सराउंड म्हणजे वेढणे, चहूबाजूंनी असणे. ‘सातारा इज सराउंडेड बाय हिल्स’ म्हणजे साताऱ्याला डोंगरांनी वेढलंय. बहुतेक वेळा ते असं ‘बाय’ लावूनच येतं. कर्ता पुढे आणलात तर ‘हिल्स सराउंड सातारा’ एवढंच पुरे; मध्ये ‘टू’ किंवा ‘अराउंड’ घालू नका. आपण ‘साताऱ्याला’ म्हणतो, त्या ‘ला’मुळे ही चूक फार होते. डोंगर कायमचे आहेत, म्हणून ‘आर सराउंडिंग’ही नको.

पोलिसांनी घर घेरलं, तिथेही सराउंड चालतं. पण औरंगजेबाच्या फौजेने १६९९ मध्ये अजिंक्यताऱ्याला घातला तसा महिनोन्महिन्यांचा वेढा असेल तर ‘बिसीज’ हाच नेमका शब्द.

मला या शब्दाचं मूळ फार आवडतं. लॅटिनमध्ये ‘उंडा’ म्हणजे लाट. सराउंडचा जुना अर्थ होता पाणी वरून वाहणं, पूर येणं. ‘राउंड’शी साम्य वाटल्यामुळे पुढे तो ‘वेढणे’ झाला. आम्हा सांगलीकरांना हे समजवावं लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी चढलं, तेव्हा आम्हीही ‘गावाला पाण्याचा वेढा पडलाय’ असंच म्हणत होतो.