किती पाठवू, त्याआधी कधी पाठवू

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझा प्रश्न एका ओळीचा आहे: घरी महिन्याला किती पाठवू? मी जन्मभर शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या सहकारी सोसायटीचा गटसचिव होतो, दारव्हा तालुक्यातल्या चार-पाच गावांच्या खतावण्या माझ्या हाताखालून गेल्या. म्हणून सांगतो, शेतकऱ्याच्या घरात महिना नसतो, हंगाम असतो. 1 तारखेला पगार तुझा होतो, तुझ्या बाबाचा नाही.

पेरणी आटोपली की आषाढ-श्रावणात घर कोरडं पडतं. बियाणं-खतात होतं नव्हतं ते गेलेलं, निंदणाच्या बायांची मजुरी चालू, आणि कापूस घरात यायला दसरा-दिवाळी उजाडते. त्यात पावसाळ्याची दुखणी. तुझी आई फोनवर म्हणेल, "काही लागत नाही वं." तेव्हाच जास्त पाठव. दिवाळीनंतर हात आखडता घेतलास तरी चालेल, पण ते पैसे मार्चसाठी बाजूला ठेव. पीककर्ज 31 मार्चच्या आत भरलं तर 3 लाखांपर्यंत व्याज लागत नाही. तारीख चुकली की सवलत गेली. बाबा भावाची वाट पाहत कापूस घरात दाबून ठेवतात, मार्च संपत येतो, मग नवंजुनं करायला, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं काढायला, कुणाकडून तरी महिना शेकडा तीननं उचलतात. बिनव्याजी कर्ज टिकवायला सावकाराचं व्याज भरणारी माणसं माझ्या टेबलासमोर रांगेनं उभी राहिली आहेत. ते आठ-पंधरा दिवस तू पैसे दे, आणि नवं कर्ज हाती आलं की परत मागून घे. लाजू नको.

बाबा तुझ्याकडून सरळ घेणार नाहीत. "आता पोरीच्या कमाईवर जगावं काय?" हे माझ्याच ओसरीवर बसून म्हणाले. पोरानं दिले असते तर निमूट खिशात घातले असते. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात आई-बापाला पाहायची जबाबदारी मुलावर तशीच मुलीवर आहे, पण कायदा दाखवून म्हातारा ऐकत नसतो. तू आईच्या खात्यात टाकत जा.

बाबांची सत्तरी झाली ना? मग आयुष्मानचं वय वंदना कार्ड काढून घे. त्याला उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंतचा इलाज होतो. अंगठा उमटत नाही म्हणून एकदा परत आले होते म्हणे. जन्मभर डवरा धरलेल्या हाताचा अंगठा उमटेल कसा? मोबाइलवर ओटीपी घेऊनही काम होतं, तू जवळ बसून करून दे.

आता जे मला खरं लिहायचं आहे ते. माझी माय शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होती, गावी, धाकट्या भावाकडे. मी दर महिन्याला पैसे धाडायचो, एकही महिना चुकवला नाही, आणि त्याचा मला फार गर्व होता. गेलो की डझनभर संत्री न्यायचो. मायला दात नव्हते. भावाची बायको एकेक फोड हातात घ्यायची, वरचं पांढरं सोलायची, बी काढायची, आतला गर बोटानं मायच्या ओठांत सोडायची. एका संत्र्याला अर्धा तास. मी शेजारी खुर्चीवर बसून तिला खताचा खर्च विचारत होतो. माय गेल्यावर तेराव्याला मी हिशेबाची वही काढली, तेव्हा भाऊ एवढंच म्हणाला, "दादा, पैसे तू धाडले. मायचं हगणं-मुतणं कोण काढलं, तेही लिही त्याच्यात." उत्तर नव्हतं माझ्याकडे. अजूनही नाही.

तुझ्या वहिनीनं कधी काही मागितलं नसेल. मागणारही नाही. तिच्या नावानं वेगळे पैसे पाठव, औषधाच्या पैशात मिसळून नको, आणि कशाला लागले ते विचारू नको.

शेताचं थोडक्यात. भाऊ हक्कसोडपत्राचं बोलतो आहे असं कळलं. वडिलोपार्जित शेतात 2005 पासून मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे. सोडायचा की ठेवायचा ते तू ठरव. भाऊ राबतो आहे, हेही मनात असू दे. पण सणाला आलीस आणि रजिस्ट्री ऑफिसला नेलं, असं होऊ देऊ नको. आणि बाबा स्वतःच्या नावचं शेत जिवंतपणी कुणाला बक्षीसपत्रानं देणार असतील, मग ती तू असलीस तरी, आई-बापाला सांभाळण्याची अट त्या कागदात लिहून घ्यायला सांग. ती अट मोडली तर उपविभागीय अधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणात तो कागद रद्द करून मागता येतो. अट नुसती तोंडी असली तर म्हाताऱ्याला फार पायपीट पडते. तुझा भाऊ वाईट आहे म्हणून लिहीत नाही. चांगल्या घरांतले कागदच मी जास्त फाटलेले पाहिलेत.

या दिवाळीला चार दिवस जास्तीची सुटी काढ आणि भाऊबीजेला वहिनीला माहेरी पाठव. ती जायच्या आधी बाबांचं इन्सुलिन शिकून घे. फ्रिजचा भरवसा नाही, लाइन जाते, म्हणून ती बाटली डब्यात घालून ओल्या रेतीच्या मडक्यात ठेवते. सुई पोटावर रोज वेगळ्या जागी टोचायची असते. काल कुठे टोचली ते तिलाच विचार, तिच्या ध्यानात असतं.

तुझा काका