चौकोनी बारमागचं 50 हर्ट्झचं पीक स्प्लिटर प्लेट लावूनही का जात नाही?

तुमची मांडणी अशी: पुण्यातल्या कॉलेजचा विंड टनेल, 25 मिमीचा आडवा चौकोनी बार, त्याच्या खाली 6 मिमी फट, वेग 10 मी/से. भोवरे थांबवायला बारच्या मागे उभारलेली पातळ पट्टी, म्हणजे स्प्लिटर प्लेट, लावूनही हॉट-वायरच्या (हवेचा वेग मोजणाऱ्या तापलेल्या बारीक तारेच्या) स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे वारंवारितांच्या आलेखात, 50 हर्ट्झचं पीक (टोकदार उंचवटा) तसंच. मला ते पीक भोवऱ्यांचं वाटत नाही, विजेच्या मेन्सचं, म्हणजे 50 हर्ट्झच्या वीजपुरवठ्याचं, वाटतं.

चौकोनी बारचा स्ट्रूहाल अंक (भोवरे सुटण्याची वारंवारिता × बारची उंची ÷ वेग) साधारण 0.13. म्हणजे 0.13 × 10 ÷ 0.025 = 52 हर्ट्झ, नेमकं मेन्सच्या शेजारी. वेग 15 मी/से करा. भोवऱ्यांचं पीक असेल तर 78च्या आसपास सरकेल. 50वरच राहिलं तर अर्थिंग तपासा, केबल पंख्याच्या ड्राइव्हपासून (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेपासून) लांब न्या. पंखा बंद ठेवूनही एकदा रेकॉर्डिंग घ्या.

पण मुख्य गोष्ट फटीची. 6 ÷ 25 = 0.24. फट बारच्या उंचीच्या साधारण 0.3 ते 0.5 पटीखाली गेली की भोवरे नियमित सुटत नाहीत. बारच्या खालच्या कडेवरून निघणारा शिअर लेयर (वेगवान आणि संथ हवेमधला पातळ थर) आणि फरशीवरचा बाउंड्री लेयर (फरशीलगतचा मंदावलेल्या हवेचा थर) उलट दिशांनी फिरतात, त्यामुळे एकमेकांना मारतात. वरच्या लेयरला आळीपाळीने सुटायला जोडीदारच उरत नाही. मग प्लेटने थांबवायचं तरी काय?

म्हणून सुरुवात 25 मिमी फटीपासून, वेग 15 ठेवून आणि प्लेटशिवाय करा. मग फट 15, 10, 6 मिमी करत जा. प्रत्येक फटीला प्लेट काढून आणि लावून, दोन्ही रीडिंग घ्या. हॉट-वायर बारच्या मागे 50 ते 75 मिमीवर, वरच्या कडेच्या उंचीला हवी. मध्यरेषेवर ठेवली तर दोन्ही बाजूंचे भोवरे जाणवून दुप्पट वारंवारिता ठळक दिसते.

स्प्लिटर प्लेट 1 मिमी ॲल्युमिनियमची, 25 मिमी लांब, मागच्या बाजूच्या मधोमध. सांध्यात फट राहिली तर हवा आरपार जाते आणि परिणाम निम्माशिम्मा दिसतो. पूर्ण लांबीभर टेप लावा.

टनेलच्या फरशीवरचा बाउंड्री लेयर काही सेंटिमीटर जाड असू शकतो, मग अख्खी फट त्यातच बुडते. धारदार पुढची कड असलेली, फरशीच्या वर उचललेली सपाट प्लेट नवी फरशी म्हणून बसवा आणि बार त्या कडेपासून 20 सेंमीवर ठेवा. तिथे लॅमिनार (शांत, खळबळ नसलेला) बाउंड्री लेयर जेमतेम 2 ते 3 मिमीचा असतो.

बारवरचा ड्रॅग (हवेचा मागे ओढणारा जोर) आणि त्याचा गुणांक काढणार असाल तर पिटो नळीचा (हवेचा वेग दाबावरून मोजणाऱ्या नळीचा) दाबफरक थेट वापरा. पुण्याच्या उंचीवर उन्हाळ्यात हवेची घनता 1.1 किग्रॅ/मी³च्या खाली जाते, 1.225 धरलीत तर गुणांक दहाएक टक्क्यांनी कमी येतो.