पॅरिस सोडून एक आठवडा

प्रश्न : मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सहा जण फ्रान्सला जाणार आहोत. पॅरिसचे तीन दिवस ठरले आहेत. उरलेला आठवडा खेड्यात काढायचा आहे. मुले आठ आणि तेरा वर्षांची आहेत, सासऱ्यांचे गुडघे दुखतात आणि सासूबाई कटाक्षाने शाकाहारी आहेत. पाच-सहा ठिकाणे भरभर पाहावीत की एकाच जागी राहावे, आणि राहिलो तर दिवसभर करावे काय? – एक वाचक, नाशिक

उत्तर : एकाच जागी राहावे. रोज सामान बांधण्यात सासऱ्यांचे हाल होतील आणि मुलांना फक्त महामार्ग दिसतील. माझी निवड विचाराल तर नैर्ऋत्येकडील दॉर्दोन्य नदीचे खोरे. सार्ला या जुन्या दगडी गावाजवळ ‘जीत’, म्हणजे स्वयंपाकघरासह भाड्याने मिळणारे अख्खे घर घ्यावे. गाडी लागेलच, कारण खेड्यांतून बस क्वचित धावते. तेव्हा आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवावा आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवण्याची मनाची तयारी करावी.

मुलांसाठी पहिला मान लास्कोचा. सप्टेंबर 1940 मध्ये चार मुलांना ही आदिमानवाची चित्रगुहा सापडली. पुढे प्रेक्षकांच्या श्वासानेच चित्रे बिघडू लागल्यामुळे 1963 मध्ये ती बंद करण्यात आली. आज पाहायला मिळते ती 2016 साली खुली झालेली हुबेहूब प्रतिकृती. प्रतिकृती म्हणून नाक मुरडू नये, मात्र एखादी अस्सल चित्रगुहाही पाहायची असेल तर रूफिन्याकच्या गुहेत जावे. तिथे छोट्या विजेच्या गाडीत बसून आत जाता येते, त्यामुळे सासऱ्यांच्या गुडघ्यांना त्रास नाही. भिंतींवर गुहेतील अस्वलांच्या नखांचे ओरखडे दिसतात आणि छतावर माणसाने काळ्या रेषांनी काढलेले मॅमथ, म्हणजे प्राचीन केसाळ हत्ती. बाहेर ऊन असले तरी गुहेत गारठा असतो, म्हणून स्वेटर विसरू नयेत.

एक दिवस नदीसाठी राखावा. भाड्याची होडी घेऊन प्रवाहाबरोबर वल्हवत निघाले की ला रोक-गाजाकची कड्याला चिकटलेली घरे आणि पुढे कास्तेलनो व बेनाक हे समोरासमोर उभे असलेले दोन किल्ले पाण्यातूनच दिसतात. अंगात लाइफ जॅकेट असले तरी पोहता न येणाऱ्या मुलाला होडीत घेऊ नये, आणि मे महिन्यात पाऊस होऊन गेला असेल तर पाण्याची चौकशी करूनच निघावे. आजी-आजोबांसाठी ला रोक-गाजाकहून सपाट तळाच्या जुन्या धर्तीच्या नावा सुटतात. कास्तेलनोच्या किल्ल्यात मध्ययुगीन युद्धसाहित्याचे संग्रहालय असून तटावर दगड फेकणारी प्रचंड यंत्रे उभी आहेत. आपल्याकडचे गड चढलेल्या मुलांना ती विशेष आवडतील. चढ मात्र खडा आहे, सासऱ्यांनी खालीच कॉफी घेतलेली बरी.

मे महिन्याची एक अडचण अशी की 1 आणि 8 तारखेला सुट्टी असते, त्याच महिन्यात बहुधा एक धार्मिक सुट्टी गुरुवारी येते, आणि मधला दिवस रजा टाकून फ्रेंच माणूस ‘पूल बांधतो’. अशा जोडसुट्ट्यांतले घर फार आधी धरावे. अनेक घरे शनिवार ते शनिवार मिळतात, म्हणून सार्लाचा शनिवारचा बाजार येण्या-जाण्यात निसटतो. बुधवारी सकाळचा गाठावा.

आता सासूबाईंचा प्रश्न, जो खरा अवघड आहे. हा मुलूख बदकांचा आणि कलहंसांचा (इंग्रजीत ‘गूज’). सार्लाचे म्हणून प्रसिद्ध असलेले लसूण घातलेले परतलेले बटाटे दिसायला अगदी आपल्या काचऱ्यांसारखे निरुपद्रवी, पण ते परततात बदकाच्या किंवा कलहंसाच्या चरबीत. पारंपरिक चीजमध्येही बहुधा वासराच्या जठरातले रेनेट, म्हणजे दूध गोठवणारे द्रव्य असते. शिवाय दुपारी दोननंतर बहुतेक खानावळींची चूल विझते ती संध्याकाळी सातपर्यंत. त्यामुळे निम्मी जेवणे घरीच करावीत. बाजारात ॲस्परॅगस, स्ट्रॉबेरी, अक्रोड आणि अक्रोडाचे तेल मिळते; मसाल्याचा डबा, तूरडाळ आणि छोटा कुकर नाशिकहून न्यावा.