साडेचार वर्षांच्या मुलीला जुलैत लोहगडावर नेता येईल का? चिखल फार असतो म्हणतात. दमली तर खांद्यावर घेऊ.

न्या, नक्की न्या. साडेचार वर्षांचं धडधाकट मूल लोहगड चढतं, आणि पावसात तर जास्तच उत्साहाने चढतं. पण तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य आधी खोडून टाका. चिखलाच्या वाटेवर मुलाला खांद्यावर घ्यायचं नाही. पाठीवरच्या कॅरियरमध्येही नाही.

चिखलात लहान मूल घसरतं तेव्हा बहुतेक वेळा ते फक्त बसतं. बूड जमिनीपासून हातभर अंतरावर असतं, चड्डी भरते, उठतं आणि पुढे चालायला लागतं. तेच मूल खांद्यावर असताना तुम्ही घसरलात तर ते पाच-सहा फुटांवरून थेट दगडावर येणार. त्याच्या वजनाने तुमचा तोल आधीच बिघडलेला असतो आणि दोन्ही हात त्याचे पाय धरण्यात गुंतलेले, म्हणजे सावरायला हातच नाहीत. शिवाय चालणारं मूल भिजलं तरी अंगात ऊब धरून असतं. नुसतं बसून राहिलेलं मूल गडावरच्या वाऱ्यात बघता बघता गारठतं. म्हणून मी बेत ठरवताना एकच गोष्ट बघते: जातानाची आणि येतानाची सगळी वाट पोर स्वतःच्या पायांनी चालेल का? उत्तर "बहुतेक" असं आलं तर वाट लहान करायची.

मळवली स्टेशनवर उतरून भाजे, तिथून चढून गायमुख खिंड आणि मग लोहगडवाडी ही जुनी वाट माझी फार आवडती आहे. पण पहिल्या खेपेला तुमच्या मुलीसाठी नको. गडाच्या पायथ्याशी पोचेपर्यंतच तिचे पाय संपतील. थेट लोहगडवाडीपर्यंत गाडीने जा. पुढे गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशा चार दरवाजांतून बांधीव पायऱ्यांनी चढ आहे. चिखल पायथ्याशी आणि वर पठारावर भेटतो. मधल्या पायऱ्यांवरून मात्र पाणी वाहत असतं आणि कडेला शेवाळ धरलेलं असतं. मुलं सवयीने भिंतीला चिकटून चालतात, नेमकं तिथेच निसरडं असतं. तिला पायरीच्या वापरातल्या भागावरून चालवा आणि दरीच्या बाजूला तुम्ही राहा.

शनिवार-रविवार टाळता आले तर टाळाच. युनेस्कोने २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात लोहगड आहे. गर्दी तर त्याच्या आधीपासूनच आहे. चढणारे आणि उतरणारे एकाच दरवाजात अडकतात तेव्हा मोठ्यांच्या कमरेएवढं मूल कुणाला दिसतही नाही. मधल्या वारी, सकाळी लवकर जा.

आता उतार, कारण खरी परीक्षा तिथेच आहे. तुम्ही कायम तिच्या एक पायरी खाली, अंग थोडं तिरकं करून. ती घसरली तर तुमच्या मांडीवर येऊन थांबते. आणि ती घसरते आहे असं दिसलं की आपला हात आपोआप तिचं मनगट धरून वर हिसका देतो, तेवढं कटाक्षाने टाळा. पाच वर्षांखालच्या मुलांच्या कोपरातलं हाड अशा हिसक्याने सरकू शकतं. बालरोगतज्ज्ञांना हे नेहमीचं आहे: मूल तो हात लोंबता ठेवतं आणि वापरायचं टाळतं. पडणं साधं होतं, दुखापत आपल्या हिसक्याने होते. म्हणून मी मुलांचा हात धरत नाही, त्यांना माझी दोन बोटं धरायला देते. घसरली की बोटं सुटतात आणि मुलं खाली बसतात. मोठ्या पायरीवर आधार द्यायचाच तर काखेत हात घालून द्या. मातीच्या उतारावर "बसून उतर" असं बेलाशक सांगा. आमच्याकडची पोरं "टेकव, थांब, मग वजन टाक" असं मोठ्याने म्हणत उतरतात, आणि त्या नादात त्यांचं लक्ष पायाकडे राहतं.

बुटाच्या तळाला खोल खाचा हव्यात. शाळेचे कॅनव्हासचे बूट ओल्या दगडावर सरळ सरकतात. गमबूट बघायला छान, पण त्यात पाणी शिरलं की पाऊल आत हलत राहतं आणि पोर लवकर दमतं. जीन्स नको, ओली झाली की जड होते आणि सुकत नाही. छत्री तर मुळीच नको, वाऱ्याने मुलासकट ओढली जाते. टोपीचा रेनकोट घाला आणि तिचे दोन्ही हात मोकळे ठेवा. कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून एक जोड बरोबर, एक गाडीत. राजगिऱ्याचे लाडू किंवा चिक्की खिशात असू द्या, पण तिच्या हातात पुडा देऊ नका. गडावर माकडं आहेत आणि तिची उंची त्यांच्या सोयीची आहे.

विंचूकाट्यावर, म्हणजे गडाच्या टोकाला सोंडेसारख्या पुढे गेलेल्या माचीवर, नेऊ नका. वरून बघायला तो सुंदरच दिसतो, पण तिकडे जायला कड्याच्या टोकावरून खाली उतरावं लागतं, आणि धुक्यात, वाऱ्यात ते लहान मुलाचं काम नाही. शेजारच्या विसापूरचा विचारही या वयात पावसाळ्यात करू नका. त्याच्या पायऱ्यांच्या वाटेवरून अक्षरशः धबधबा वाहतो. वाहत्या पाण्याच्या बाबतीत मी अजिबात सूट देत नाही. तुमच्या घोट्याएवढं पाणी तिच्या नडगीवर येतं आणि वर डोंगरात पाऊस वाढला की ते बघता बघता चढतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात मुलं होती. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर घरीच थांबा. जिल्हाधिकाऱ्यांचा बंदीचा आदेश आहे का, हेही निघण्याआधी बघा.

पुण्यात राहत असाल तर त्याआधी एकदा पावसात तिला वेताळ टेकडीवर न्या. तिथल्या लाल चिखलात तिला मनसोक्त घसरू द्या. कुठे पाय सरकतो आणि कुठे धरतो हे मुलं फार पटकन शिकतात, आणि तिला खरंच किती चालवतं याचा तुम्हालाही अंदाज येईल. गडावर ती जिथे "बास" म्हणेल तिथून परत फिरा, मग तो पहिलाच दरवाजा असला तरी. तिच्या दृष्टीने खेकडा, तेरड्याचं रोप आणि पायरीवरून उड्या मारत येणारं पाणी बघून झालं की गड पाहून झाला.

निघण्याआधी पायांवर कुठे खरचटलेलं असेल तर तिथे पाणी न शिरणारी पट्टी लावा आणि घरी आल्यावर पाय साबणाने धुवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तिला ताप आलाच तर डॉक्टरांना चिखलात फिरल्याचं आवर्जून सांगा. पावसाळ्यात लेप्टोचा (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) विचार त्यांना वेळेवर करता येतो.