अर्थिंगची पिन कापू नका, गुरुजी

वाचकांचे प्रश्न, चाळीसगावच्या एका जुन्या रेडिओ-दुरुस्तीवाल्याची उत्तरं

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षक आहे. दिवाळीच्या सुटीत टीडीए २०३० या आवाज वाढवणाऱ्या आयसीचा स्टीरिओ ॲम्प्लिफायर बनवून पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये बसवला. मोबाइल लावला तर झकास वाजतो, पण कॉम्प्युटर जोडला की घूंऽऽ सुरू. ओळखीच्या एकाने प्लगची मोठी पिन कापून दिली आणि आवाज एकदम बंद! असंच ठेवलं तर चालेल का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : नाही चालणार, गुरुजी. आधी नवा तीन पिनांचा प्लग लावा, मग पुढचं वाचा.

माझा पहिला ॲम्प्लिफायर टीबीए ८१० या जुन्या आयसीचा. साल १९८४, कॅबिनेट म्हणजे बिस्किटांचा रिकामा डबा, प्लग दोन पिनांचा. ट्रान्सफॉर्मर एका दुकानातून स्वस्तात उचललेला. एक दिवस माय ओल्या फडक्याने फळी पुसत होती, ती ओरडली, "हाऊ डबा चावस रे!" मी हसलो. मग टेस्टर लावला तर डब्यावर दिवा लख्ख. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचा, म्हणजे घरच्या लाइनकडच्या गुंडाळीचा, एक वेढा पत्र्याला टेकला होता. मायच्या पायात चप्पल होती म्हणून निभावलं. त्या दिवसापासून तिसरी पिन कापणाऱ्याशी मी नीट बोलत नाही.

आता तुमची घूं. कॉम्प्युटरला अर्थिंग आहे, ॲम्प्लिफायरलाही आहे, आणि दोघांना जोडणाऱ्या वायरीवरची तांब्याची जाळी तिसरा रस्ता करून देते. झालं कडं पूर्ण. त्या कड्यात ५० हर्ट्झचा बारीकसा करंट फिरत राहतो आणि गाण्यात मिसळतो. मोबाइलला अर्थिंगच नाही, म्हणून तो गप्प. पिन कापली की कडं तुटतं हे खरं, पण तुमचा जीव ज्यावर आहे तीच तार तुटते.

कडं दुसरीकडे तोडा. कॅबिनेटचा पत्रा खरवडून, स्क्रू आवळून थेट अर्थिंगला जोडा. बोर्डाचा ग्राउंड, म्हणजे सर्किटचा शून्य व्होल्टचा जोड, मात्र पत्र्याला सरळ जोडू नका, मध्ये १० ओहमचा रेझिस्टन्स टाका. त्याला समांतर १एन५४०८ नंबरचे दोन डायोड, एक सुलटा, एक उलटा. म्हणजे उद्या काही बिघाड झालाच तर करंट डायोडमधून जाईल आणि फ्यूज उडेल. इनपुटची सॉकेटं प्लास्टिकच्या वॉशरवर बसवा. ती पत्र्याला टेकली तर सगळी मेहनत फुकट, कडं तिथेच परत जुळतं. माझे यात तीन रविवार गेले होते. कंडेन्सर बदलत बसलो, आणि दोष निघाला एका वॉशरचा!

एवढं करूनही घूं राहिली, तर इनपुटची वायर काढून इनपुट ग्राउंडला शॉर्ट करा. तरीही येत असेल तर दोष आतला. दोन्ही मोठ्या कंडेन्सरच्या मधल्या जोडावर एक बिंदू ठरवा आणि स्पीकरचा, आयसीचा, इनपुटचा ग्राउंड वेगवेगळ्या तारांनी तिथे आणा. एकाच तारेवर सगळ्यांना लटकवू नका.

आणि हो, वैशाखात आपली काळी जमीन तडकते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. दोन बादल्या पाणी टाकत जा.

प्रश्न : माझाही टीडीए २०३० च आहे, १२-०-१२ ट्रान्सफॉर्मरवर. दोनदा आयसी उडाली, दोन्ही वेळा रात्री. उन्हाळ्यात तर दहा मिनिटांत गाणं तुटक वाजायला लागतं.
– एक केळी उत्पादक, यावल तालुका

उत्तर : भाऊ, रात्रीचं कोडं सोपं आहे. १२-०-१२ म्हणजे मधल्या तारेपासून दोन्हीकडे १२-१२ व्होल्ट एसी. त्याचं डीसी किती होतं ते बघा: १२ ला १.४१ ने गुणा, डायोडचे ०.७ वजा करा, सोळाच्या वर उत्तर येतं. या आयसीची हद्द अधिक-उणे १८ व्होल्ट. पण शिवारातले पंप बंद झाले की लाइन २५० वर चढते, शिवाय हळू वाजत असताना ट्रान्सफॉर्मर रिकामाच असतो, तो लिहिल्यापेक्षा जास्त देतो. मग अठरा ओलांडायला कितीसा वेळ? ९-०-९ चा ट्रान्सफॉर्मर घ्या. ४ ओहमच्या स्पीकरवर आठेक वॅट मिळतील, आणि घरात तेवढे पुष्कळ होतात.

तुटक वाजणं म्हणजे आयसी तापून स्वतःला बंद करतेय. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच तापलेली, त्यात आयसीची उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंक बारीक असला तर काय करणार? तळहाताएवढा, पात्यांचा ॲल्युमिनियमचा घ्या आणि पाती उभी राहतील असा बसवा. मात्र आयसीची पाठ आतून उणे सप्लायला जोडलेली असते. हीटसिंक कॅबिनेटला लागणार असेल तर मध्ये मायका (अभ्रकाची पातळ चकती) आणि स्क्रूला प्लास्टिकची बुशिंग घातल्याशिवाय स्क्रू आवळायचा नाही. मायकाच्या दोन्हीकडे उष्णता वाहून नेणारी पांढरी पेस्ट पातळ लावा, भाकरीवर लोणी थापल्यासारखी नको.

प्रश्न : मी कॉलेजात शिकते. माझा ॲम्प्लिफायर १० वॅटचा. भावाने बाजारातून '३००० वॅट पीएमपीओ' लिहिलेला होम थिएटर आणला आणि मला चिडवतो.
– एक वाचक, नंदुरबार

उत्तर : ताई, त्या डब्याच्या मागचं स्टिकर वाच. विजेचा खप ४०-५० वॅट लिहिलेला असेल. विहिरीत नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? पीएमपीओ म्हणजे क्षणभराच्या कमाल शक्तीचा जाहिरातीतला आकडा, त्याला कसलंच ठरलेलं माप नाही. खरा आकडा आरएमएसचा, म्हणजे सतत मिळणाऱ्या शक्तीचा. शिवाय वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला थोडासाच फरक. दुप्पट मोठा वाटायला वॅट दहापट लागतात.

पैज लावायची असेल तर दिवसा लावू नकोस. मी अजून उन्हाळ्यात घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, झोपतो. रात्री दहाला विविध भारतीचं छायागीत लागतं, शेजारी जागे होऊ नयेत म्हणून आवाज अगदी हळू ठेवतो. गाणं हळू केलं तरी ॲम्प्लिफायरची घूं हळू होत नाही, तेव्हाच खराब मशीन उघडं पडतं. भावाचा डबा आणि तुझा डबा दोन्ही रात्री तुमच्या गच्चीवर ने, व्हॉल्यूम शून्यावर कर आणि स्पीकरला कान लाव. निकाल मला पोस्टकार्डावर कळव, दोन ओळी पुरेत.