आयर्लंडमध्ये सोशल केअर वर्कर व्हायचंय? आधी फिल्डवर्कचे कागद जमव

तुझं पत्र मिळालं. बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, झालीय, दोन वर्षं बालगृहात काम करतेयस, आता आयर्लंडला सोशल केअर वर्कर म्हणून जायचंय आणि एजंट सांगतोय की आधी जॉब घे, रजिस्ट्रेशन तिकडे गेल्यावर आपोआप होतं. तू विचारलंयस की हे खरंय का आणि दोन वर्षांचा अनुभव चालेल का.

आपोआप काहीही होत नाही गं. तिथे 'कोरू' नावाची सरकारी नियामक संस्था आहे, २००५ च्या कायद्यानुसार चालते. त्यांनी सोशल केअर वर्करचं रजिस्टर ३० नोव्हेंबर २०२३ ला उघडलं आणि आधीपासून हे काम करणाऱ्यांना अर्ज करायला दोन वर्षं दिली. ती मुदत ३० नोव्हेंबर २०२५ ला संपली, म्हणजे आता रजिस्टरवर नाव नसेल तर स्वतःला सोशल केअर वर्कर म्हणवून घेणं हा तिथे गुन्हा आहे. एजंट बहुतेक केअर असिस्टंटच्या नोकरीबद्दल बोलतोय, ते काम चांगलंच आहे पण वेगळं आहे, त्याला हे रजिस्ट्रेशन लागत नाही आणि ते केलं म्हणून मिळतही नाही. ऑफर लेटरवर पदाचं नाव नेमकं काय लिहिलंय ते बघ आधी.

अजून एक, सोशल वर्कर आणि सोशल केअर वर्कर ही तिथे दोन वेगळी रजिस्टर्स आहेत. आपल्याकडे सगळ्याला समाजकार्यच म्हणतात म्हणून मुलं चुकीचा फॉर्म भरतात. सोशल वर्कर साधारण केसचं मूल्यमापन, बालसंरक्षणाचे निर्णय, कोर्टाचे रिपोर्ट हे बघतो. सोशल केअर वर्कर मुलांच्या निवासी घरात, अपंग व्यक्तींच्या सेवेत, बेघरांच्या केंद्रात माणसांच्या रोजच्या जगण्यात सोबत असतो. तू बालगृहातलं जे काम लिहिलंयस, सकाळी मुलांना उठवण्यापासून रात्रीच्या भांडणापर्यंत, ते मला दुसऱ्या प्रकारात बसतंय असं वाटतं, त्यामुळे तुझी निवड बरोबर आहे.

आता मुख्य गोष्ट. बाहेरच्या देशातली डिग्री असली की आधी डिग्रीला मान्यता घ्यायची आणि मग रजिस्ट्रेशनचा अर्ज, फीसुद्धा दोन्हीची वेगवेगळी. मान्यता देताना ते डिग्रीचं नाव बघत नाहीत, तू काय शिकलीस आणि देखरेखीखाली किती प्रॅक्टिकल केलंस हे त्यांच्या निकषांशी एकेक करून ताडून बघतात. तिथल्या कोर्सला किमान ८०० तासांचं प्लेसमेंट, म्हणजे शिकताना संस्थेत देखरेखीखाली केलेलं प्रत्यक्ष काम, लागतं, यावरून अंदाज येईल. म्हणून मार्कशीटपेक्षा तुझी फिल्डवर्कची जर्नल्स, म्हणजे त्या प्रॅक्टिकलच्या नोंदवह्या, कोणत्या संस्थेत किती तास, सुपरवायझर कोण, त्यांची सही, हे जास्त महत्त्वाचं. आणि सिलॅबस तू शिकलीस त्या वर्षांचाच हवा, आत्ताचा नवीन नको. हे सगळं या आठवड्यात कॉलेजमध्ये जाऊन मागायला सुरुवात कर, कारण सुपरवायझर सर रिटायर होतात, जर्नल्स रद्दीत जातात, मग तीन वर्षांची खरी मेहनत कागदावर दाखवता येत नाही आणि याचं मला फार वाईट वाटतं.

दोन वर्षांचा अनुभव वाया नाही जाणार. तो डिग्रीची जागा घेत नाही, पण अभ्यासक्रमात जिथे कमी पडेल तिथे तो विचारात घेतात, म्हणून संस्थेकडून पत्र घेताना 'काम समाधानकारक' एवढ्यावर थांबू नकोस, नेमकं काय काय केलंस ते लिहून घे. तरीही उणीव राहिली तर एकतर देखरेखीखाली काही काळ काम करायचं किंवा परीक्षा द्यायची असं सांगू शकतात. तो नकार नाहीये, घाबरून अर्ज सोडू नकोस.

पोलीस क्लिअरन्स, इंग्रजीचा पुरावा, मराठी कागदांचं प्रमाणित भाषांतर हे नेहमीचंच, होऊन जाईल. वर्क परमिट मात्र वेगळं खातं बघतं, कोरूची मान्यता म्हणजे व्हिसा नाही.

एजंटला पैसे दिले नसशील तर देऊ नकोस. कोरूचा अर्ज स्वतः भरता येतो, सगळी माहिती त्यांच्या साइटवर आहे. जर्नल्स हातात आली की तासांची बेरीज करून मला पाठव, कुठे कमी पडतंय ते आपण अर्ज भरायच्या आधीच बघू.