पॅरिसमधले दुपारचे जेवण

प्रश्न : मे महिन्यात आम्ही पती-पत्नी आठवडाभर पॅरिसला जात आहोत. दोन्ही वेळा उपाहारगृहात जेवणे परवडणारे नाही, शिवाय आम्ही शाकाहारी आहोत. काय करावे?

उत्तर : दुपारचे जेवण सरळ बागेत किंवा सीन नदीच्या काठावर करावे, तिथले लोकही तेच करतात, त्यामुळे संकोचाचे काही कारण नाही. बेकरीत ‘त्रादिस्यों’ बगेट, म्हणजे पारंपरिक लांबट पाव मागावा, कारण १९९३च्या सरकारी नियमानुसार त्याची कणीक गोठवता येत नाही आणि त्यात कृत्रिम मिश्रणे चालत नाहीत. गरम असतानाच टोक मोडून पाहा : कवच कुरकुरते, आतला भाग मऊ आणि किंचित आंबूस लागतो. टोमॅटो, जर्दाळू, स्ट्रॉबेरी अलिग्रच्या बाजारातून घ्यावीत. मात्र तो सोमवारी बंद असतो. चीजबाबत सावध राहा. ब्री द मो, काँते यांसारखी पारंपरिक चीज वासराच्या जठरातील रेनेट या पाचक द्रव्याने विरजतात, तेव्हा ती टाळून लोणी घ्यावे आणि घरून नेलेली शेंगदाण्याची कोरडी चटणी त्यावर पसरावी; हा मेळ खरोखर सुरेख जमतो. तूप, पेढे मात्र नेऊ नका, युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणण्यास मनाई आहे. लक्झेंबर्ग बागेतल्या हिरव्या लोखंडी खुर्च्या विनामूल्य आहेत, पण बहुतेक हिरवळीवर बसता येत नाही. पाणी विकत घेऊ नये; १८७२ पासून उभारलेल्या गडद हिरव्या वॉलेस कारंज्यांवर बाटली भरून घ्यावी. चाकू विमानात हातातल्या पिशवीत ठेवू नका.